ओढ की सोड

३ फेब्रुवारी

मनाच्या डॉक्टरबाईंकडे परत जाणार नाही. कानाला खडा! आज म्हणे, "श्वास घ्या... आता सोडा." सोडा! उठले, चपला घातल्या, चालू पडले.

घरी मावशी. "देवावर सोडून दे गं सगळं." हातातली बशी आपटली. अख्ख्या जगाला हा एकच शब्द सापडलाय!

४ फेब्रुवारी

इथं लिहायला काय जातंय. दादा आणि मी उंच इमारती रंगवायचो. तो झुल्यावर, भिंतीच्या बाहेर लोंबकळत. मी गच्चीवर, त्याचा दोर धरून. सात महिन्यांपूर्वी झुल्याचा आकडा निसटला. सगळा भार माझ्या दोरावर. वारा भणाणत होता. खालून दादा ओरडला. मी ऐकलं— "सोड!"

सोडला.

चौकशीचा साहेब म्हणाला, "अहो, पडणारा माणूस 'सोड' म्हणेल का? 'ओढ' म्हणाला असणार." बरोबरच आहे त्याचं. एका शब्दापायी भाऊ घालवला मी. वहिनीकडे मान वर करून बघवत नाही.

९ फेब्रुवारी

मावशीनं कप पुढे केला— "घे." मी असा काही खेचला की अर्धा चहा तिच्या अंगावर! "अगं, कुणी हिसकावून नेतंय का?" हसलो दोघी. किती दिवसांनी.

१२ फेब्रुवारी

गेलेच परत. भांडायला! तुमचा 'सोडा' मला नको, तोंडावर सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. "मग कुठला शब्द चालेल?"

"कुठलाही, हा सोडून!"

मेला पाठच सोडत नाही.

मग त्यांनी विचारलं, त्या गच्चीवर परत उभं राहायचं तर जवळ कोण हवं? मावशी, म्हटलं. आणि तिचा देव? तो येतोच तिच्याबरोबर, न बोलावता.

१७ फेब्रुवारी

डॉक्टर आणि देव एका खोलीत! दोन घरचा पाहुणा उपाशी— म्हटलं, बघू. आधी त्या दोघींचाच करार झाला. मावशीनं 'देवाची इच्छा' म्हणायचं नाही. बाईंनी 'सोडा' म्हणायचं नाही. मावशी फणकारली, "मग मी काय, तोंडाला कुलूप घालून बसू?"

बाई म्हणाल्या, "तुमची प्रार्थना म्हणा. तुमची भाची गप्प व्हावी म्हणून नाही. ती इथं राहावी म्हणून."

डोळे मिटून मनानंच गच्चीपर्यंत गेले. पुढे जाववेना. मावशीचा आवाज धरून खोलीत परतले. एवढंच जमलं. पण स्वतःला माफबिफ करणार नाही, कुणी कितीही डोकं फोडा!

२० फेब्रुवारी

जायचं नाही असं ठरवलं.  मावशी नुसती तयार होऊन दारात बसली. गेले.

२४ फेब्रुवारी

आज थांबले नाही. बाई एकेक विचारत गेल्या. पाय कुठे आहेत? कठड्याला टेकलेत, घसरतायत. हात? दोर सोलून काढतोय. आणि कंबर कठड्यावर, डोकं बाहेर. दादा वर बघतोय. माझ्याकडे बघतोय.

"दोर ओढायचा असला की दादा काय म्हणायचे?" बाईंना आमच्या कामातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारलं.

"घे," मी म्हणाले. सवयीनं.

मावशीची प्रार्थना मध्येच थांबली.

पहिल्याच दिवशी शिकवलं होतं त्यानं! "वाऱ्यात ओढ नि सोड सारखंच ऐकू येतं. ओढायचं असेल तर मी 'घे' म्हणणार. 'ओढ' म्हणालो तर माझं नाव बदल." सात महिने मी त्या साहेबाचं ऐकलं. दादाचं नाही.

२५ फेब्रुवारी

'सोड'च म्हणालास तू. मला पडताना बघून.

वहिनीला सांगून आले.

गाढवा! आणखी धरला असता रे मी.