चित्रात हरीण नाही

उदारामदादा,

तुले न मायले दिल्लीहून सेवा जोहार. मी बरी आहो. जेवण चांगलं भेटते.

संग्रहालयात माझ्या चित्रांची वेगळी खोली आहे. लोक विचारतात, "तुम्ही तर गोंड न? मग यात नुसतं काळं काऊन? हरीण, मोर काऊन नाही?" मी सांगते, फुलं वेचायसाठी मोहाखालचा पाला जाळल्यावर जमीन अशीच काळी दिसते. ते मान हलवून पुढं जातात.

इथले साहेब म्हणाले, "हरीण काढा, मुंबईलेही प्रदर्शन लावू." मी नाही म्हटलं. तवापासून ते बोलत नाहीत.

मी वेचायच्या दिवसातच निघून आली, मोहफुलं पडून राहिली का? मायचा गुडघा कसा आहे?

इथं गोंडी बोलणारं कोणी नाही. काल खोली रिकामी झाली, तवा मी चित्राजवळच गोंडीत बोलत बसली. दादा, रविवारी फोन मायजवळ दे. तिले म्हण, रागाव पाहिजे तर, पण गोंडीत बोल.

तुझी लहान बहीण,
फुलवंता