रोज तासभर

२ मार्च

चि. ठकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं मोठ्या अक्षरातलं पत्र पोचलं. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं. रक्तदाब चढलेलाच! तो उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं. मला कळेना. गोळ्या वेळेवर घेतो, मीठ सोडलं आणि त्यांनी चिठ्ठीत लिहिलेला 'रोज तासभर एकांत' तर दीड महिन्यात एकदाही चुकवला नाही. दार लावून, फोन बंद करून खुर्चीत बसतो. तासाचे आता चार झालेत. तुझी वहिनी गेल्यापासून घर तसंही गप्पच असतं. पण खरं सांगू? डोळे गेले तर काय, हाच विचार तिथे बसल्या बसल्या डोक्यात घोळत राहतो. चिठ्ठी सोबत पाठवतोय, काही राहिलंय का बघ.

लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास शि. सा. नमस्कार.

अरे देवा! चिठ्ठी वाचून कपाळावर हात मारला. 'एकांत' नाही रे, 'लोकांत' लिहिलंय! रोज तासभर लोकांत! चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, दुसऱ्यांचे काने-मात्रे काढलेस, आणि स्वतःच्या औषधात ही घोडचूक? आधी पोट धरून हसले. मग तू एकटा त्या खुर्चीत बसलेला डोळ्यांसमोर आलास आणि रडू फुटलं. कोपऱ्यावरच्या वाचनालयात जा. वाचता येत नाही ही सबब नको, कान धड आहेत ना? ऊठ, सदरा बदल आणि नीघ.

रागावलास तरी चालेल, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

२६ एप्रिल

चि. ठकीस अ. उ. आ.

गेलो बाई! तिथे एक निवृत्त बसचालक सगळ्यांना पेपर वाचून दाखवतो. स्वल्पविराम असा गिळतो की विचारू नकोस. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, जरा थांबा तिथे. तेव्हापासून तो वाचतो, मी अडवतो आणि तिथेच शिवणकाम घेऊन बसणाऱ्या एक बाई आम्हा दोघांना झापतात. परवा सर्दीमुळे गेलो नाही, तर तिघं दारात हजर! रक्तदाब उतरलाय. डॉक्टरीणबाईंनी खात्री पटेना म्हणून दोनदा मोजला. तारीख मिळाली.

काळजी नको, लोभ असू दे.

तुझा,
दादा

१४ मे

चि. ठकीस अ. उ. आ.

ऑपरेशन झालं. सोबत एक माणूस आणा म्हटलं होतं, सात आले. आज सकाळी पट्टी निघाली. समोर सगळे दाटीवाटीने उभे आणि मी खुळ्यासारखा बघतोय. अगं, रोजची माणसं, पण एकाचाही चेहरा कधी धड पाहिला नव्हता! शेवटी म्हटलं, एकेकाने बोला. एकाने घसा खाकरला आणि भिंतीवरची सूचना एका दमात वाचून काढली. लगेच ओळखला. मला हा झुपकेदार मिशांचा वाटायचा. गडी तर सफाचट निघाला! हसता हसता डोळे भरून आले. पुसायला हात वर नेला, तर सातही जण एकदम ओरडले की डोळ्याला हात लावायचा नाही.

आता तू ये. तुझा चेहरा बघायचा राहिलाय.

तुझा,
दादा