तिसऱ्या नंबरला विचारलेला प्रश्न

१२ नोव्हेंबर, बुधवार

सरावात पोरीनं आज पुन्हा तेच केलं! तीन गिरक्यांची तिहेरी उडी डाव्या कोपऱ्यात घ्यायची, ती बर्फाच्या रिंकच्या मधोमध आणून ठेवली. संगीत पुढे, ही मागे. "का गं?" तर म्हणे, "अशीच." स्केटच्या नाड्या बांधायला हिला मी शिकवलं, आणि मला उत्तर काय — अशीच!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दुसऱ्या क्लबचे सर तिच्या आईशी बोलताना दिसले. समजायचं ते मी समजले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पर्धेचा पहिला भाग झाला. सध्या तिसरी आहे.

गुणांची वाट बघत बाकावर बसलो — मी तिच्या डावीकडे, नेहमीसारखी. पाठीवर हात ठेवला तर दचकली. नंतर एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. यांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "अगं, सरळ विचार ना तिला." मी का विचारू? जाणाऱ्याला कोण अडवणार? खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर रडले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कांस्यपदक! आणि मग ती पत्रकार परिषद. मला हा प्रकार मुळातच आवडत नाही. पहिल्या तिघी टेबलामागे, आम्ही प्रशिक्षक शेवटच्या रांगेत. "कसं वाटतंय?" "छान वाटतंय." एवढ्यासाठी दमलेल्या पोरींना अर्धा तास बसवून ठेवायचं! त्यातून सगळे प्रश्न सुवर्णवालीला. तिसरीला कोणी हिंग लावून विचारत नाही.

सूत्रसंचालक कागद गोळा करायला लागला, तेवढ्यात कानात यंत्र घालणारे म्हातारे वार्ताहर उठले. वीस वर्षं पहिल्याच रांगेत बसतात. पोरीला म्हणाले, "तुमची तिहेरी उडी कोपऱ्यातून मध्ये का आली?"

मी कान टवकारले. म्हटलं, आता निघणार नव्या सरांचं नाव.

ती माइककडे बघत म्हणाली, "डाव्या डोळ्यानं कडेचं दिसत नाही. दोन महिने झाले. पडदा ओढल्यासारखं वाटतं. कोपऱ्यात गेले की कठडा कुठे आहे तेच कळत नाही."

मी खुर्च्या ओलांडत पुढे कशी गेले, आठवत नाही. तिच्या उजवीकडे जाऊन उभी राहिले, तेव्हा कुठे तिनं मला पाहिलं.

म्हणजे ती मला सोडून जात नव्हती! आधी हेच मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण किती हलकं वाटलं! डोळ्याचा विचार आला तो नंतर.

१६ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय. कधीतरी आपटताना हिसका बसला असणार. "अजून एकदा जोरात पडली असती तर डोळा गेलाच होता." उद्या ऑपरेशन.

पोरीनं विचारलं, "बाई, रागावलात?"

"गप्प पड," म्हटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दिसतंय! तिच्या डावीकडून हळूच हात नेला, तर तिनं तो वरच्यावर पकडला. आई आणि मी दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. सहा महिने बर्फावर पाय ठेवायचा नाही. चालेल, वर्ष म्हणाले असते तरी चाललं असतं.

आणि ते सर? आईला पोशाख शिवणाऱ्या बाईंचा पत्ता विचारत होते! हे म्हणाले, "आता तरी रुसवा सोड." सोडला. पोटभर जेवलेसुद्धा. पत्रकार परिषदेला यापुढे नावं ठेवणार नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

त्या वार्ताहरांना आभाराचा फोन केला. म्हटलं, उडी सरकलेली मलाही दिसली, पण मागे काही बिनसलंय हे तुमच्याच लक्षात आलं.

ते म्हणाले, "माझ्या कसलं लक्षात येतंय, बाई! प्रश्न तिनंच लिहून दिला होता, परिषदेच्या जरा आधी. म्हणाली, एकटीनं सांगायची हिंमत होत नाही. चार माणसं बसलेली असली की बाई ओरडत नाहीत."