गल्लीतले सगळे हौद आणि एक कुलूप

चोलुतेका,
सोमवार, जेवणं उरकल्यावर

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे ओबदुलियाचा, साष्टांग नमस्कार (गुडघे धरल्यामुळे आठांपैकी दोन अंगं टेकता आली नाहीत, ती मनाने टेकली आहेत असं समजावं). सुयापाच्या मातेच्या कृपेने मी बरी आहे, शिवणयंत्र बरं आहे, आणि तिकडे न्यू ऑर्लिन्सला तुमचीही प्रकृती उत्तम असेल अशी आशा करते. आशाच करावी लागते, कारण मी फोन केला की नेमका तुमचा फोन बिघडतो. तो दुरुस्त करून घ्या असं मी म्हणणार नाही, मोठ्यांना शिकवायची मला सवय नाही. म्हणून हे पत्र चेपामावशीच्या पिशवीतून पाठवते आहे. ती गुरुवारी निघते. सोबत चीजचा गोळा आणि मक्याच्या कुरकुरीत रोस्किया आहेत. रोस्किया कमी वाटल्या तर विमानात चेपामावशीला भूक लागली असं समजावं.

दादा, यंदा डेंग्यूने आपल्या गल्लीत ठाण मांडलंय. एका घरातला माणूस उठून बसतो तोवर शेजारच्या घरातला आडवा होतो. आणि आता लुदिविनाची नात यादिरा मोठ्या इस्पितळात आहे. तुम्ही निघालात त्या दिवशी तुमच्या बुटांत खडे भरून ठेवणारी ती हीच. लुदिविना दिवसभर तिच्या उशाशी बसते आणि संध्याकाळी अंघोळीला घरी येते, तेव्हा सगळी गल्ली खिडकीतून एकच विचारते, ‘आज किती?’ म्हणजे प्लेटलेट किती. गेल्या वर्षापर्यंत हा शब्द इथे कोणाला ठाऊक नव्हता, आता टोमॅटोच्या भावासारखा तोंडात बसलाय. इलारियोने तर कहरच केला. (इलारियो तोच, तुमच्याकडून शिडी नेऊन आजतागायत परत न केलेला.) आपले लोक कशाचाही आकडा लॉटरीवर लावतात, उलटलेल्या ट्रकचा नंबर असो की मेलेल्याचं वय, तसा याने पोरीच्या प्लेटलेटचा आकडा लावला, आणि मेल्याला लागला की हो! आता त्याचं अभिनंदन करावं की त्याच्या थोबाडीत द्यावी हे कोणालाच कळेना. शेवटी त्याची त्यालाच लाज वाटली आणि त्याने लागलेल्या पैशांच्या दोन कोंबड्या आणून लुदिविनाच्या दाराला बांधल्या. त्या अजून तिथेच ओरडतात. पोर घरी आल्याशिवाय सूप कोणासाठी करायचं, असं लुदिविना म्हणते.

अशात आरोग्यकेंद्राची नर्स मिरेया गल्लीत आली. चुणचुणीत मुलगी आहे, फक्त झोप न झाल्यासारखी दिसते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, म्हणून घरोघर हौद, आणि हौदात डासांच्या अळ्या, हे तिने समजावून सांगितलं. मग म्हणाली, घराघरांत शिरून हौद, बादल्या, फुलदाण्या तपासायला गल्लीतलंच कोणीतरी हवंय. दुसऱ्याच्या घरात डोकवायला कोण तयार आहे? दादा, सगळ्या गल्लीने माझ्याकडे बघितलं. बोट कोणी दाखवलं नाही, तेवढी सभ्यता अजून शिल्लक आहे. ज्या गुणाबद्दल मी जन्मभर बोलणी खाल्ली (सर्वांत जास्त कोणाची, ते तुम्ही जाणताच), त्याचं मला ओळखपत्र मिळालं. फोटोसकट!

माणूस तोंडाने काय सांगतो ते सोडून द्यावं, त्याचा हौद बघावा, असं माझं आता मत झालंय. इलारियोच्या हौदात दोरीला बांधलेल्या चार बाटल्या गार होत होत्या. म्हणाला, पोटाचं औषध आहे. मी म्हटलं, बरं आहे, पोटाला मोठाच आजार दिसतो. नोटरीबाईंचं घर तुम्हाला आठवत असेल, फाटकाच्या आत आपल्याला कधी कोणी घेतलं नव्हतं. (आतल्या भिंती मोरपंखी आहेत, इतकी वर्षं मी पांढऱ्या समजत होते.) तिथे सात फुलदाण्या, सगळी फुलं कापडाची, आणि फुलदाण्यांत पाणी! मी विचारलं, बाई, कापडाच्या फुलांना पाणी कशाला? म्हणाल्या, ‘खरी वाटतात हो त्याने.’ फुलांचं माहीत नाही, अळ्या अगदी खऱ्या होत्या. आणि खरं सांगू का, त्या अळ्या बघत राहाव्याशा वाटतात. डोकं खाली, शेपूट वर, सावली पडली की सगळ्या एकदम तळाला. एवढीशी वळवळ आणि त्यातून दवाखान्याच्या खाटा भरतात, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही. मग मी चष्मा पुसते आणि पाणी ओतून देते. हौद असला तर त्याच्या भिंतींना ब्लीच आणि साबणाचा लेप लावून घरच्या माणसाकडून घासून घेते. घासायचं काम माझं नाही, ओळखपत्रावर तसं लिहिलेलं नाही.

पण दादा, हौदापर्यंत पोचायचं म्हणजे आधी दार उघडायला हवं. माणसं घाबरलीत. संध्याकाळी दारात खुर्च्या टाकून बसणं बंद झालंय, शेजारी मेला की जगला हेही कळत नाही. मी टकटक केली की आतून आवाज यायचा, ‘आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, पुढे व्हा.’ मग मी दाराला तोंड लावून म्हणायचे, बरं बाई, जाते, फक्त पलीकडच्या घरी काल काय झालं ते सांगायचं होतं. कडी लगेच निघायची. कोण आज भात जेवला, कोण ताप उतरल्यावर पहिल्यांदा बायकोवर खेकसला (ही तर उत्तम खूण), एवढंच मी सांगायचे. आणि ऐकणारी बाई माझ्यादेखत हौद घासायला घ्यायची. पुढे बोलण्याच्या ओघात नोटरीबाईंची फुलं निसटली, त्या मिरेयाकडे रडत गेल्या, आणि मला ताकीद मिळाली. यापुढे फक्त हौद, बातम्या नाहीत. मी आज्ञा पाळली. ओठ शिवून दारोदार फिरले, आणि एक दार उघडेल तर शपथ! शेवटी मिरेया स्वतः घरी आली, खाली मान घालून म्हणाली, ‘मावशी, बोला तुम्ही. फक्त बरं झालेल्यांचंच बोला.’ तेव्हापासून मी बरं झालेल्यांचंच बोलते. कधी नव्हे ते लोक माझी वाट बघतात.

आता सगळे हौद घासून झालेत, तरी डास हटत नाहीत, आणि सर्वांत जास्त आहेत ते लुदिविनाच्या घरात. मिरेया म्हणते, जवळच एखादं पाणी आपल्या नजरेतून सुटलंय. लुदिविनाच्या शेजारी कोणाचं बंद घर आहे आणि त्याला किती जाड कुलूप आहे, याबद्दल मी एक अक्षर लिहीत नाही. तुम्ही मोठे आहात. प्रकृतीला जपावं.

तुमची (दुरून) आज्ञाधारक बहीण,
ओबदुलिया

ता. क. लिहितेच. परसदाराची किल्ली पाठवा. ‘तू आत शिरलीस की माझ्या चड्ड्यासुद्धा गल्लीला मोजून सांगशील,’ असं म्हणून तुम्ही आईच्या मातीवरून आल्या पावली घराला कुलूप घातलंत, ते मी गिळलं. आईचं जाळीचं कपाट मी आधीच माझ्याकडे आणलं म्हणून तुम्ही रागावलात, ‘तुला ते लाभणार नाही’ म्हणालात, तेही गिळलं. (ते तिने मला दिलं होतं. साक्षीदार नाही, हे कबूल.) पण तुमच्या परसातल्या हौदात तीन पावसाळ्यांचं पाणी साचलंय आणि भिंतीपलीकडे ती पोर झोपायची. लुदिविना मला रोज विचारते, ‘तुझा भाऊ इतका का गं निष्ठुर आहे?’ मी तुमची बाजू घेते, पण आता माझे शब्द संपले.

ता. क. बुधवार. किल्लीची गरज नाही. काल यादिराचा आकडा फार खाली गेला. लुदिविना अंघोळीलाही घरी आली नाही. मग आज इलारियो तुमचीच शिडी घेऊन आला, भिंतीवरून पलीकडे उतरला आणि आतून परसदाराचं कुलूप कडीसकट उखडलं. मागून मी आणि मिरेया, हातात ब्लीच. दादा, काय सांगू! बादल्या उपड्या, घागर उपडी, टब उपडा, कुंड्यांच्या ताटल्या भिंतीला टेकवून उभ्या. आणि हौद हिरवागार, पण एक अळी नाही! आई हौदात ओलोमिना मासे पाळायची, आठवतं? त्यांची पोरंबाळं, नातवंडं, पणतवंडं, नुसती खच्चून भरली होती आणि अळ्या खाऊन माजली होती. मिरेया म्हणाली, अख्ख्या गल्लीत नियमाने ठेवलेलं घर हे एवढंच. मी तुम्हाला मनातल्या मनात दिलेल्या सगळ्या शिव्या परत घेते. (मोठ्याने दिलेल्या परत घ्यायला वेळ लागेल, त्या दूरवर गेल्यात.)

ता. क. गुरुवार. चेपामावशीचं जाणं शनिवारवर गेलंय, म्हणून हेही लिहावं लागतंय. नाहीतर लिहिलं नसतं. काल परतताना मिरेया माझ्याकडे कॉफीला थांबली आणि म्हणाली, ‘मावशी, तुमचं घर कोणी तपासलं?’ मी म्हटलं, मीच. तेवढ्यात तिचा चमचा पडला. ती उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. आईच्या कपाटाला मुंग्या लागू नयेत म्हणून चारी पायांखाली सार्डिनचे डबे आहेत ना, आई ठेवायची तसे, त्यांत मी रोज न चुकता पाणी भरते. चारी डबे वळवळत होते, आणि लुदिविनाची खिडकी माझ्या अगदी समोर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मला ओळखपत्र मिळालं, आणि माझं मुसळ आईच्या कपाटाखाली. तुम्ही म्हणाला होतात, लाभणार नाही. मला रडू आलं, दादा. मिरेया म्हणाली, कोणाला सांगायची गरज नाही. पण सगळ्यांचं सांगत फिरणारीने स्वतःचं तेवढं गिळायचं, हे मला जमेना. आज बरणीत आईचे मासे घेऊन दारोदार गेले. प्रत्येक हौदात दोन-दोन सोडले आणि बातमी सांगितली, अळ्या माझ्याच घरात होत्या. नोटरीबाई इतक्या हसल्या की त्यांनी मला खुर्ची दिली. शेवटी लुदिविना. ती इस्पितळातून नुकतीच आली होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, ‘मासे दे आधी. शिव्या नंतर देते.’

ता. क. शनिवार. चेपामावशी दारात उभी आहे, म्हणून घाईत. यादिराचा आकडा दोन दिवस चढतोय, आज ती पलंगावर बसून आंबा मागत होती. इलारियो म्हणाला, हा आकडा लावू का? लुदिविनाने चप्पल काढली. एक कोंबडी सुपासाठी ठरली आहे. मला शिव्याही चालू झाल्या आहेत, रोज एक, अगदी नवी. ऐकून जिवाला बरं वाटतं.

ता. क. शेवटचा. परसदाराला नवं कुलूप घातलंय. त्याची एक किल्ली या पाकिटात आहे. दुसरी लुदिविनाकडे, ती माशांकडे बघेल. माझ्याकडे मी ठेवली नाही, माझ्यावर माझाच भरवसा नाही. घरात पाऊल टाकलेलं नाही, आईशपथ. फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकदा बघितलं, डोळे म्हणजे काही पाऊल नव्हे. टेबलावर दोन कप धुऊन उपडे ठेवलेत. एक आईचा निळा. दुसरा हिरवा, टवका उडालेला, तो माझा आहे, दादा. तीन वर्षं मी तो घरभर शोधतेय. एवढं भांडून निघालात, मग माझा कप धुऊन आईच्या कपाशेजारी का ठेवलात? मला हे कळायलाच हवं. पण पत्रातून लिहू नका, चेपामावशी पत्रं उघडून वाचते. किल्ली तुमच्याकडे आहे. येऊन सांगा.