दोन पाळणे आणि ताईचा रिपोर्ट

बुरैदा, सौदी अरेबिया,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, मुलांना पापे. आम्ही दोघं ठीक आहोत, फक्त झोप पुरत नाही. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझ्या वॉर्डातली मेहनाज उद्या सुट्टीवर खेडला निघते आहे. सोमवारी दुपारपर्यंत ती हे पाकीट तुझ्या हातात देईल. परवा तू म्हणालीस की येत्या गुरुवारी गर्भपिशवी काढायचं नक्की केलंय. त्याबद्दलच लिहायचंय. पण आधी घराचं लिहिते, जरा हात चालू लागेल.

बाळं नोव्हेंबरच्या मध्यावर येतील असं जॉर्जियाहून कळवलंय. आमची बाळं पोटात वाढवणारी ती बाई बरी आहे. तिचं वजन, साखर, रक्तदाब दर सोमवारी फोनवर येतं. तिला स्वतःची दोन मुलं आहेत आणि सध्या कॉफीचा वास सोसत नाही, एवढंच मला ठाऊक आहे. शेजारच्या अरवाबद्दलसुद्धा मला याहून जास्त माहिती आहे. सुरुवातीला या गोष्टीचं रडू यायचं. आता येत नाही, दमायला झालंय.

इथे कुणाला सांगितलेलं नाही. या देशात हे चालत नाही. कागद कसे होतील, बाळांचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कधी निघेल, यावर सिद्धार्थ रोज काहीतरी नवं ऐकून येतो आणि जेवताना ते सगळं माझ्या पानात वाढतो. खजुराचा हंगाम चालू आहे, त्यामुळे त्याच्या शीतगृहाची यंत्रं रोज बिघडतात आणि तो बारा-बारा तास तिकडेच असतो. आतली खोली मी एकटीने रिकामी केली. दोन कपाटं सरकवली, भिंत पुसली, एसीची जाळी धुतली. वाळवंटातली धूळ, सकाळी पुसावी तर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं.

गेल्या शुक्रवारी सिद्धार्थने दोन पाळणे आणले. जन्माआधी पाळणा घरात आणत नाहीत हे मी त्याला पन्नास वेळा सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, दोन बाळं विमानातून येणार, मग तेव्हा काय बाजारात पळायचं? बरोबरच आहे त्याचं. आम्ही जॉर्जियाला असताना घर बंद राहणार, आल्या दिवशी दोघांना निजवायचं कुठे? म्हणून मी वाद सोडला. त्याने पाळणे जोडले आणि स्क्रू घट्ट बसलेत का पाहायला एक हलवून बघितला. रिकामा पाळणा, ताई. मी अशी किंचाळले की अरवा दार वाजवायला आली. मी, चौदा वर्षं नर्स असलेली बाई, पेशंटच्या सासवांना अंधश्रद्धेवर भाषणं देणारी.

मी का घाबरले ते सिद्धार्थला कळलं नाही. मला कळलं. केलेलं फेडावं लागतं म्हणतात, आणि माझं फेडणं त्या दोघांवर येऊ नये असं वाटतंय.

आता लिहितेच.

दोन वर्षांपूर्वी तू आपणहून म्हणाली होतीस, "तुझं मूल मी वाढवते पोटात, त्यात काय एवढं." पैसे देऊन आपल्याकडे ते होत नाही आणि वयाची अट पस्तिशीची. तू चौतीस पूर्ण, दोन बाळंतपणं सुखरूप झालेली. फोन ठेवल्यावर मी आनंदाने रडले होते. मग तू मुंबईला जाऊन तपासण्या केल्यास आणि रिपोर्ट न उघडताच मला पाठवलेस. तूच वाच, मला काय कळतंय त्यातलं, म्हणालीस.

मी वाचले आणि तुला सांगितलं की तुझ्या पिशवीची भिंत पातळ झालीये, आणखी गरोदरपण जिवावर बेतेल, यापुढे जपून राहा.

तसं काही नव्हतं. तुझे सगळे रिपोर्ट उत्तम होते. मी खोटं बोलले.

कारण विचारशील. लहानपणापासून तुझे फ्रॉक मी घातले, तुझी पुस्तकं, तुझी सायकल, सगळं तुझं होऊन मग माझ्याकडे आलं. त्यातलं काही तू अडवून धरलं नाहीस, उलट इस्त्री करून दिलंस. आता मूलही तुझ्याकडूनच येणार होतं. भाऊजी फोनवर हसत म्हणाले होते, "आता तुमच्या संसारात आमचाही वाटा." त्यांच्या मनात काही नव्हतं. माझ्याच होतं. तुझं पोट वाढेल, गावात तुझं डोहाळजेवण होईल, आणि मी इथून व्हिडिओ बघत बसेन, हे मला सोसवेना. हेवा वाटला तुझा. दुसरा शब्द नाही.

आणि तू काय केलंस? माझी माफी मागितलीस. माझ्यामुळे तुझं राहिलं गं, म्हणालीस. मी "असू दे" म्हटलं.

तेव्हापासून तू कळशी उचलत नाहीस. यंदा गौरीला सगळ्या फुगड्या घालत होत्या आणि तू भिंतीला टेकून बसली होतीस, मी व्हिडिओत पाहिलं. आता पाळी जास्त जाते म्हणून तू डॉक्टरांकडे गेलीस आणि त्यांना सांगितलंस की बहीण नर्स आहे, तिने दोन वर्षांपूर्वीच सावध केलं होतं. छत्तिसाव्या वर्षी माझ्या शब्दावर तू पोट कापून घ्यायला निघालीस.

मूळ रिपोर्ट सोबत ठेवलाय. तो घेऊन दुसऱ्या एखाद्या डॉक्टरीणबाईंकडे जा. जास्त जाण्याला औषधं असतात, कारण शोधता येतं. त्यांनी नीट तपासून सांगितलं तर वेगळं. माझ्या सांगण्यावर काही करू नकोस.

काल सिद्धार्थला सांगितलं. तो म्हणाला, "तू सांग, नाहीतर मी सांगतो." मंगळवारी सकाळी तो भाऊजींना फोन करणार आहे, पत्र पोचो वा न पोचो. मीच का नाही केला? तीनदा नंबर लावला. पण फोनवर मी रडले असते आणि तू, तू स्वतःचं विसरून मला समजावत बसली असतीस. तेवढं तरी तुझ्याकडून घ्यायचं नव्हतं.

नोव्हेंबरात तू इथे येणार होतीस. दोन बाळं, मी नवखी, आई नाही. तू सोडून मला कुणी नाही, हे तुला माहीत आहे, म्हणून ये असं लिहीत नाही. येऊ नकोस असंही लिहायचा धीर होत नाही. ती बाळं तुझ्या पोटी असती तर आत्ता तू त्यांच्याशी बोलत असतीस. जॉर्जियात त्यांच्याशी मराठीत कोणी बोलत नाही, आणि हे मी केलंय.

मला फोन करू नकोस. ऑपरेशन थांबवलंस एवढं भाऊजींनी सिद्धार्थला कळवावं. माझ्याशी बोलायचं की नाही ते सावकाश ठरव, वर्ष लागलं तरी चालेल. तू आजारी नाहीस, ताई. एवढं आज मान.

तुला आजारी ठरवणारी,
तुझी धाकटी,
सुखदा