बांधापलीकडची फांदी

जुब्बल, हिमाचल, १२ ऑगस्ट

ती. रामदेई भाभीस,
देवीसरनचा सा. न. (हात न जोडता.)

वि. वि. मधे बांध एवढाच, तरी पोस्टाने लिहितोय, कारण तुझ्यापुढे तोंड उघडायची इच्छा नाही. माझ्या सफरचंदांवर यंदा पांढुरके डाग उठलेत, कोडासारखे. मंडीतल्या आडत्याने पेटी उघडून विचारलं, फळं आहेत की चित्त्याची पिल्लं? हे तुझ्या बिच्छूबुटीचं पाप. भाजीला लागते म्हणून बांधभर तण माजवलंस. विद्यापीठातल्या बाईंना बोलावलंय, त्या पानं तपासतील. तण दोषी निघालं की पंचायत तणासकट तुझी बांधावरची सफरचंदांची ओळही उखडायला लावेल. भाईने लावली असली तरी.

होता तेवढा लोभ आटोपता घ्यावा.
देवीसरन

१७ ऑगस्ट

चि. देवीसरन यास अ. आ. (मोठी आहे, द्यावे लागतात.)

पोस्टमनने विचारलं, दिराला हाक मारायला काय झालं? म्हटलं, जीभ विटाळते. बोलाव तुझ्या बाईंना. बुटी डसते, हातमोजे आणायला सांग. स्वस्तात आणून गावभर मिरवलेल्या त्या परदेशी कलमांचीही पानं दे. आधी तपासून घे म्हटलं, तर म्हणालास, बायकांनी अक्कल चुलीपाशी चालवावी. आणि करवत आवर. दर हिवाळ्यात ओळीच्या फांद्या छाटतोस, वर ऐकवतोस, माझ्या बाजूला येईल ते माझं. माझ्या माणसाची तेवढीच खूण उरलीय. तिला धक्का लागला तर गावच्या देवतेसमोर न्यायाला उभा करीन.

लोभ नाहीच, तो वाढवू नये.
रामदेई

२९ सप्टेंबर

ती. भाभीस सा. न.

निकाल आला. तुझी बुटी म्हणे स्वच्छ! आजार माझ्या कलमांत. विषाणूहूनही बारीक कसलासा जीव, औषध नाही, झाडं उपटा म्हणतात. पण तुझ्या ओळीतही तोच सापडलाय. म्हणजे आधी तुझी ओळ सडली, मग माझी बाग. शेंबडं पोरही सांगेल.

देवीसरन

४ ऑक्टोबर

देवीसरन,

आशीर्वाद संपले. बाई माझ्याकडेही आल्या होत्या. त्यांनी ओळीतलं झाड न् झाड तपासलं. तू छाटलेली तेवढीच आजारी. अक्रोडाआडच्या एकाला तुझी करवत पोचत नाही, ते ठणठणीत. बाई म्हणाल्या, न धुतलेल्या पात्याला रस चिकटतो आणि रोग झाडाझाडांत फिरतो. आधी तुझी कलमं छाटायचास, मग तसाच बांधावर यायचास.

उद्या ओळ पाडतेय. सगळी झाडं तुझ्या बाजूला. तुझ्या बाजूला येईल ते तुझं ना? तुझ्याच भावाने लावलीत, नीट उचल.

रामदेई

ता. क. येताना करवत धुऊन आण. अक्रोडाआडचं एक उरलंय.