भंडारा, डीजे आणि उजेडाचा डिंक

खुटबाव, रविवार

चि. मोनिका हिला मामाचा आशीर्वाद.

वेळेवर जेवतेस का, हे विचारत नाही, कारण उत्तर मला ठाऊक आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे. फक्त डावा तळहात भलताच मऊ झाला आहे, त्याचं कारण पुढं येईल. फोन केला की तू "मामा, लॅबमध्ये हाय, नंतर करते" म्हणतेस. पत्र मधेच कट करता येत नाही, म्हणून लिहितो.

सणाला आलीस तेव्हा माझ्या फ्रीजच्या दारात चंदेरी कागदात गुंडाळलेली डिंकाची बाटली विसरून गेलीस, आणि आता ती कुरियरनं मागतेस. ती संपली असं समज. त्याचं असं झालं, आपली बानू मेंढी (सगळी मेंढरं विकली, हिच्यापाशी मन आडवं आलं) तारेच्या कुंपणात घुसली आणि पाठीला वीतभर चीर पाडून घेतली. मला तुझं बोलणं आठवलं. हा डिंक अंधारात पातळ राहतो, निळा उजेड पडला की धरतो, टाके न घालता जखम मिटवतो. आणि त्यात काय मिसळू त्यावर तो कडक होणार की लवचिक, हे ठरतं. मेंढी म्हणजे काही भिंत नव्हे, ती वाकते. तेव्हा लवचिकच हवा. तू ग्लिसरीन थेंबाथेंबानं घालतेस म्हणालीस. मी मामीची टाचांना लावायची बाटली अर्धी ओतली. (ती गेल्यापासून त्या बाटलीला कुणी हात लावला नव्हता.)

राहिला निळा उजेड. तो अख्ख्या गावात शेजारच्या भारतच्या डीजेवर. पण त्याच्या टेम्पोत दिवे आणि आवाज एकाच बटणावर आहेत, त्यामुळं बानूचं ऑपरेशन भरदुपारी, उन्हानं डिंक आधीच धरू नये म्हणून ताडपत्री ओढलेल्या टेम्पोत, वरातीच्या गाण्यावर झालं. सुरुवातीला मी आपल्या रीतीप्रमाणं जखमेवर मूठभर भंडारा लावला. देवाचा भंडारा लावल्याशिवाय आपल्यात कशाला हात घालतात का? वरून डिंक ओतला आणि डाव्या हातानं तिला दाबून धरलं. गाणं संपलं. जखमेवरचा डिंक होता तसाच पातळ, आणि माझा हात लोकरीला पक्का चिकटलेला! जिथं भंडारा तिथं डिंक धरला नाही, जिथं नाही तिथं धरला. पिवळा रंग निळा उजेड पिऊन टाकतो की काय, ते तुझ्या सरांना विचार.

गुरांच्या डॉक्टरांनी येऊन जखम धुतली, टाके घातले. ते लोकर कापून मला सोडवणार होते, पण मी म्हटलं, मेंढी गारठेल. मग ओट्यावर मी आणि बानू, आणि बघायला गाव. समोरच्या वच्छलाबाईंनी चहा आणला. "आवं मल्हारीआप्पा, मेंढीसंगं लगीन लागलं का काय!" म्हणाल्या आणि तासभर बसल्या. या घरात इतकी माणसं मामीच्या दहाव्यानंतर पहिल्यांदाच आली. मोनिका, फार एकटं वाटतं गं. त्या दिवशी हाताखाली कुणाचं तरी ऊन अंग होतं, तेवढंच बरं वाटलं. संध्याकाळी कसाबसा सुटलो, तळहात तेवढा ग्लिसरीननं मऊ पडला. आपलं बरं चाललं आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
मल्हारीमामा

ता. क. ग्लिसरीन जास्त झालं तर डिंक कोमट पाण्यानं लगेच सुटतो, हे तू सांगितलं होतंस. ते मला पहिल्यापासून आठवत होतं. चुलीवर पाणीही तापलेलं होतं. पण माणसं बसली होती.

आणखी ता. क. बाटली संपलेली नाही. वाटीभरच काढला होता, बाकी फ्रीजच्या दारात तुझ्या कागदात तसाच आहे. कुरियरवाला दोनदा येऊन गेला, मी दिली नाही. तुझी तू येऊन घेऊन जा.